निवळ

भरतीवर वीज करणाऱ्या केंद्राच्या तराफ्यावर दोन मास्क ठेवले होते. एक केंद्राचा पाणबुड्या जुबेर मुकादम याचा, साध्या काचेचा, सिलिकॉनची कड पिवळी पडलेला. दुसरा डॉ. शर्वरी तांडेल यांनी प्रयोगशाळेतून आणलेला निवळ मास्क. त्याला काच नव्हतीच. आतल्या बाजूला पडदा होता आणि बाहेर प्रकाशाचे झोत टाकणारे बारीक डोळे.

जुबेरने पट्टा न बांधता आपला मास्क तोंडाला लावला, नाकाने श्वास आत ओढला आणि हात सोडले. मास्क चिकटून राहिला.

"मास्क निवडायचा तो असा, वैनी," तो काढून जुबेर म्हणाला. "मिशीतनं थेंब आत येता नये. बाकी सगळं मग."

"यातून दिसेल किती तुला?"

"हातभर."

"आणि चक्रगृह केवढं आहे?"

जुबेरने आपला मास्क खाली ठेवला. खाडीच्या तळाशी, बरेच खोल, वीजचक्रांचे ते दालन होते. सकाळी दरवाजा निखळून गाळाचा लोंढा त्यात घुसला, तेव्हा तपासणीला उतरलेला अभियंता निनाद तांडेल आत होता. शर्वरीचा नवरा. त्याच्याशी बोलण्याची तार तेव्हाच तुटली. त्याचे श्वसनयंत्र सोडलेला श्वास शुद्ध करून पुन्हा पुरवणारे होते, म्हणजे संध्याकाळपर्यंत तो जगू शकत होता. त्यानंतर नाही. त्याआधी तो त्या गढूळ पाण्यात सापडायला हवा होता.

"हाच घाल," म्हणत शर्वरीने निवळ मास्क जुबेरच्या हातात दिला. निवड तिची होती, आणि ती करताना तिला तिळमात्र शंका आली नाही.

जुबेर उतरला. त्याला दिसणारे चित्र तराफ्यावरच्या पडद्यावर उमटले आणि जमलेली माणसे त्याच्याभोवती दाटली. तुरटी फिरवावी तसे पाणी निवळले होते. खांब, चक्रांची पाती, तुटके गज, सगळे लख्ख. जुबेर एकेका खांबाशी थांबत शेवटच्या भिंतीपर्यंत गेला आणि परत आला. चक्रगृहात कुणीही नव्हते.

"माणूस जाईल कुठं?" वर आल्यावर तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. निनादला तो दादा म्हणायचा.

मास्कच्या कामातले ज्येष्ठ प्रकाशशास्त्रज्ञ डॉ. दिगंबर रेगे यांनी चित्रण पुन्हा लावले. यंत्र बनवणाऱ्याला यंत्रातली खोट चटकन दिसते, असा एक भाबडा समज आहे. खरे म्हणजे त्याला आपले यंत्र आवडत असते, आणि आवडत्या गोष्टीत खोट कोण शोधत बसतो? पुन्हा पुन्हा पाहिल्यावर कुठे शर्वरीने चित्र थांबवले.

"सर, जुबेरचा हात कुठंय?"

"कुठला हात?"

"तो गज बाजूला सारतोय ना. गज इथून नाहीसा होतो आणि तिथं उगवतो. मध्ये हात दिसतच नाही."

रेगे पडद्याजवळ सरकले. मग सावकाश बोलू लागले. "गाळाचे कण सतत हलत असतात. म्हणून आपण दर काही सेकंदांत हजारो चित्रं घेतो आणि एकावर एक ठेवतो. सगळ्यांत जे एकाच जागी आहे, तेवढं राखतो. उरलेला गाळ पुसतो."

"उरलेलं म्हणजे गाळच असं कुठंय?"

"नाही. उरलेलं म्हणजे जे हलतं ते. खांब आणि पाया तपासायला केलं आपण हे. खांब हलत नाहीत."

"आणि अडकलेला माणूस?"

"हात हलवेल. कुणी जवळ आलंय असं वाटलं, तर जिवाच्या आकांतानं हलवेल."

"निपचित पडला असेल तर?"

"छाती तर वरखाली होणारच. श्वास चालू आहे तोवर या मास्कच्या लेखी तो गाळच, शर्वरी."

तिला स्वतःची भयंकर चीड आली. आणि त्याच वेळी, सकाळपासून पहिल्यांदाच, जिवात जीव आला. चक्रगृह रिकामे दिसले होते, म्हणजे निनाद जिवंत होता.

"जुबेर, तुझा मास्क घाल. हलणारा माणूस यात दिसत नाही."

जुबेरने जास्त काही विचारले नाही. काचेवर वाफ धरू नये म्हणून आत थुंकून त्याने बोट फिरवले, वाट काढायला निवळ मास्क दंडाला अडकवला आणि उडी घेतली.

आता पडदा काळा होता. गळ्याला बांधलेल्या माइकमधून जुबेरचा आवाज तेवढा येत होता. "भिंत लागली... खांब... काय दिसत नाय, वैनी, चाचपतोय." ऊन उतरू लागले. रेगे घड्याळाकडे बघायचे टाळत होते.

"वाट चुकली वाटतं. जरा निवळ घालून बघतो, कुठं आलो ते."

मास्क बदलल्याची खुडबुड झाली, आत शिरलेले पाणी नाकाने फुंकून काढल्याचा आवाज आला. पडदा उजळला आणि जुबेर ओरडला.

"दिसले! दादा दिसले, वैनी!"

तराफ्यावर एकच गलका झाला. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी उपचारांसाठी बोलावलेल्या डॉक्टरांना हाका मारल्या.

"दरवाजाखाली पाय अडकलाय. मघाशी ह्याच खांबाशी थांबलो होतो मी, खरं सांगतो, तेव्हा इथं कोण नव्हतं! आता बघा, छातीवरचं नाव पण वाचता येतंय."

शर्वरी ते नाव वाचत होती. वेलांटी, काना, मात्रा, सगळे रेखीव, जागच्या जागी. मघाशी जुबेर त्या खांबाशी थांबला तेव्हा निनाद तिथेच होता आणि हात हलवत होता. तिला ते कळले. रेग्यांनाही कळले, आणि त्यांनी मान खाली घातली.

"पाय सोडवतो आणि सुटतो थेट वर!" जुबेर धापा टाकत होता. "थांबे-बिंबे बघत नाय आता!"

खोल पाण्यातून न थांबता वर येणाऱ्याच्या रक्तात बुडबुडे धरतात आणि माणूस जातो, हे त्याला पक्के ठाऊक होते. तरीही तो येणार होता.

शर्वरीने माइक उचलून तोंडाशी धरला.

"जुबेर, घाई करू नकोस. सगळे थांबे घे."

"पण वैनी, दादांची हवा—"

"सावकाश ये," ती म्हणाली.