हवालदारांचा विजेचा ब्रश

ही गोष्ट घडलेली आहे. ऐकीव नाही, इकडून तिकडून जोडलेली नाही. जिच्या घरात घडली ती विजयमाला आजही सांगलीत राहते. तिला विचारलं तर ती आधी विषय बदलते. फारच आग्रह केला तर दाराला कडी घालते आणि मग सांगते.

साल होतं १९७८. पौषातली पहाट. कोरेगाव तालुक्यातलं, उसाच्या मळ्यांत बुडालेलं एक गाव. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. त्या घरात अजून माणसं राहतात.

तांबडं फुटायला अवकाश होता. विजयमालाला जाग आली ती आवाजानं.

भुर्रर्रर्र...

न्हाणीतून येत होता. तिच्या ओळखीचा आवाज. ती सवयीनं उठली, केस बांधले, चहाचं आधण ठेवायला चुलीकडे निघाली. आणि अर्ध्या वाटेतच तिचे पाय थिजले.

ज्याचा तो आवाज होता, त्याला जाऊन दोन महिने झाले होते.

विजयमालाचा नवरा नाथाजी. फौजेत हवालदार. एकाहत्तरच्या लढाईत सुरुंग फुटला आणि त्याचे हात गेले. उजवा मनगटापासून. डाव्याला फक्त अंगठा आणि एक अर्धं बोट उरलं. पुण्याच्या लष्करी दवाखान्यातून तो घरी आला तेव्हा गावानं हार घातले, लेझीम खेळली. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीत तो दगडावर बसला, आणि विजयमालानं आपल्या बोटावर दंतमंजन घेऊन त्याचे दात घासले.

तो डोळे मिटून बसायचा. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी यायचं. जेवण भरवून घ्यायचा, अंघोळ घालून घ्यायचा, त्याचं काही नाही. पण दुसऱ्याचं बोट तोंडात गेलं की तो लहान पोरासारखा व्हायचा. एकदा रागाच्या भरात तो तिच्या बोटाला कडकडून चावला. नंतर दिवसभर जेवला नाही.

पुढच्या तपासणीला पुण्याला गेला तेव्हा तिथल्या एका मेजर डॉक्टरांनी त्याला एक पेटी दिली. परदेशातून आलेला ब्रश. सेलवर चालणारा. दांडा चांगला मनगटाएवढा जाड. खुंट आणि अंगठा यांच्यामध्ये धरायचा, बटण दाबायचं, नुसता दाताला लावायचा. बाकीचं काम ब्रशच करायचा. सोबत वर बसवायची चार डोकी होती, प्रत्येकाच्या बुडाला वेगळ्या रंगाचं कडं. घरातल्या चौघांनी एकच दांडा वापरायचा, अशी ती सोय.

"लय पैसंवाल्या लोकांची चीज दिसती," आप्पासो म्हणाले. आप्पासो म्हणजे नाथाजीचे वडील.

"पैसंवाल्यांची न्हाई आप्पा, थोट्यांची हाय," नाथाजी हसत म्हणाला. घरी आल्यापासून तो पहिल्यांदाच हसला होता.

पाच वर्षं तो ब्रश चालला. आत पाणी शिरू नये म्हणून कोरेगावच्या इलाहीनं सायकलच्या ट्यूबचा तुकडा सांध्यावर चढवून दिला होता. इलाही रेडिओ, घड्याळं दुरुस्त करायचा. स्प्रिंग गंजली तर तोच बदलायचा. निळ्या कड्याचं डोकं झिजलं, मग लाल आलं, मग पिवळं. हिरवं मात्र नाथाजीनं पेटीतच ठेवलं.

"ते शालनचं," तो म्हणायचा.

शालन त्यांची एकुलती एक लेक. नाथाजी हात गमावून आल्यानंतर झालेली. त्याला तिला कधी अंघोळ घालता आली नाही. वेणी घालता आली नाही. घास भरवता आला नाही. या सगळ्यांत एकच गोष्ट त्याला जमण्यासारखी होती... तिचे दात घासणं. रोज पहाटे स्वतःचं आटोपलं की तो हाक मारायचा, "शालू, ये गं. आबा दात घासत्यात तुजं."

आणि शालन रोज किंचाळत आजीच्या पदराआड पळायची.

"त्यात भुंगा हाय! मला चावंल!"

"बरं, ऱ्हाऊ दे. जरा मोठी हो, मग बघू," नाथाजी म्हणायचा.

ती मोठी व्हायच्या आतच तो गेला. दिवाळीनंतर कावीळ झाली, अंगात मुरली. साताऱ्याच्या दवाखान्यात आठवडाभरात सगळं संपलं.

तेराव्यानंतर विजयमालानं ब्रशमधले सेल काढले. आप्पासोंच्या रेडिओत घातले. ब्रश पेटीत ठेवला, पेटी नाथाजीच्या फौजी ट्रंकेत ठेवली आणि ट्रंकेला कुलूप लावलं. किल्ली तिच्या कमरेला.

आणि त्या पौषातल्या पहाटे ती चुलीच्या वाटेत थिजून उभी होती.

भुर्रर्रर्र...

पडवीतून आप्पासोंचा आवाज आला. अगदी हलका.

"विजयमाला... ऐकतीयास न्हवं?"

"व्हय, मामंजी."

"मला वाटलं माजंच कान वाजत्यात."

दोघंही न्हाणीकडे गेली नाहीत. आवाज थांबला. मग चूळ भरल्याचा आवाज आला. मग काही नाही.

उजाडल्यावर तिनं ट्रंक उघडली. कुलूप जसंच्या तसं. पेटी जागच्या जागी. पेटीचं झाकण वर केलं...

ब्रश ओला होता.

खरं सांगायचं तर ती घाबरली नाही. ट्रंकेपाशीच बसून ती पोटभर रडली, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदाच तिला हलकं वाटलं. त्या दिवसापासून ती पहाटेची वाट बघू लागली. न्हाणीच्या भिंतीला पाठ लावून बसायची. ब्रश हवेत असला की त्याचा आवाज बारीक यायचा. दाताला टेकला की जाड व्हायचा, दबल्यासारखा. पाच वर्षं ऐकलेलं सगळं तिच्या कानात बसलेलं. बारीक, जाड, बारीक, जाड. तिला वाटायचं, माणूस गेला, पण घर सोडून गेला नाही. मग ती न्हाणीत तांब्या भरून ठेवू लागली. धुतलेला पंचा ठेवू लागली.

सासूनं, रंगूबाईनं, हे पाहिलं.

"आसं करू नगंस गं बाई," ती म्हणाली. "त्येला वाट दिसू दे. तू हितं पाणी भरून ठेवलंस तर त्यो जायाचा कसा?"

"जाऊ देत न्हाई मी," विजयमाला म्हणाली. "माजं मी बघीन."

त्या दिवसापासून रंगूबाई पहाटे उठेनाशी झाली. डोक्यावरून वाकळ ओढून पडून राहायची.

असे काही दिवस गेले.

एके सकाळी विजयमाला शालनची वेणी घालत होती. पोर आरशात बघून दात दाखवत होती.

"आये, माजं दात पांढरं झालं का गं?"

"का?"

"आबांनी घासलं."

विजयमालाच्या हातातली वेणी सुटली.

"कवा?"

"रोजच तर घासत्यात. आदी मी भ्यायची. आता न्हाई भेत. भुंगा चावत न्हाई, नुसता गुदगुल्या करतोय."

विजयमालानं तिचं तोंड जवळ ओढलं. घरात सगळे काळं मंजन लावायचे. मिलिटरी कँटीनची पेस्ट फक्त नाथाजी वापरायचा. ती ट्यूब त्याच्या चितेवर गेली होती...

शालनच्या तोंडाला त्या पेस्टचा वास येत होता.

तिनं ओठ वर करून पाहिलं. हिरड्या लालभडक. दोन दातांच्या मुळाशी रक्त साकळलेलं.

ती धावत ट्रंकेकडे गेली. पेटी उघडली. ज्याला आजवर कुणी हात लावला नव्हता, ते हिरव्या कड्याचं डोकं तिनं उजेडात धरलं...

केस झिजून, पिंजून आडवे झाले होते. वर्ष वर्ष वापरल्यासारखे.

त्याच दुपारी ब्रश पिशवीत घालून ती कोरेगावला गेली. इलाहीला म्हणाली, "भाई, ह्यो कायमचा बंद करा."

इलाहीनं रबर काढलं, दांडा उघडला आणि तो बराच वेळ आत बघत राहिला.

"वहिनी, बंद काय करायचं ह्यात? ह्यो बंदच हाय."

"म्हंजे?"

"हे बघा. मोटर गंजून दगड झाली. तारा तुटून पडल्यात. ह्यो आज न्हाई बिघडला. ह्यात आता नवं सेल घातलं तरी ह्यो हूं का चूं करायचा न्हाई."

ब्रश, पेटी, चारही डोकी, सगळं तिथंच टाकून विजयमाला निघाली. इलाहीनं मागून हाक मारली, "वहिनी, पेटी ऱ्हायली!" तिनं वळून पाहिलं नाही.

त्या रात्री तिनं न्हाणीत तांब्या भरून ठेवला नाही. शालनला कुशीत घट्ट घेऊन झोपली. ब्रश घरात नव्हता. आता काही होणार नाही, असं स्वतःला सांगत सांगत तिचा डोळा लागला.

पहाटे जाग आली.

न्हाणीतून काहीच आवाज नव्हता. बाहेर एखादा पक्षी, गोठ्यात बैलाच्या गळ्यातली घंटा. तिनं सुस्कारा सोडला.

आणि मग...

भुर्रर्रर्र...

खोलीतच. उंबऱ्यापाशी.

आवाज बारीक होता. हवेतला. तो हळूहळू पुढं येत होता. ट्रंकेपाशी आला. अंथरुणाच्या पायथ्याशी आला. खिडकीतून फिकट उजेड येऊ लागला होता, त्या उजेडात खोली रिकामी दिसत होती. आवाज शालनच्या उशाशी येऊन थांबला.

शालन झोपेत होती. झोपेतच तिनं तोंड उघडलं.

आवाज जाड झाला.

पोरीच्या ओठांच्या कडेनं फेस यायला लागला. पांढरा. मग गुलाबी.

विजयमाला अंगातलं सगळं बळ एकवटून उठून बसली.

"आवं..." ती म्हणाली. "आवं, सोडा तिला. रगात येतंय तिच्या हिरड्यांतनं."

आवाज थांबला नाही.

"तिला दुखतंय. झोपेत हाय म्हणून सांगत न्हाई ती. तुमी लय दाबताय. किती दाबायचं ते कळत न्हाई तुमाला..."

जाड आवाज आणखी जाड झाला. शालनची मान उशीत रुतली.

तेव्हा विजयमालाच्या तोंडून ते निघून गेलं. पाच वर्षांत तिनं जे कधी ओठांवर येऊ दिलं नव्हतं, भांडणातही नाही, ते.

"कळंल कसं? हात हायत का तुमाला!"

आवाज बंद झाला.

एकदम. बटण दाबल्यासारखा.

कितीतरी वेळ काहीच झालं नाही. मग न्हाणीत रिकामा तांब्या पडला. खुंटातून निसटून दगडावर पडायचा, तसा. गडगडत कोपऱ्यात गेला. पडवीत आप्पासो हुंदके देत होते.

त्यानंतर त्या घरात तो आवाज कुणीही ऐकला नाही.

विजयमालाला मात्र तिथं राहवेना. माघात तिचा भाऊ मानसिंग येऊन दोघींना सांगलीला घेऊन गेला. तो हळदीच्या गोदामात कामाला होता. गावभागात त्यानं दोघींसाठी एक खोली बघून दिली. विजयमाला एका वसतिगृहात स्वयंपाकाला लागली. शालन शाळेत जाऊ लागली. तिच्या हिरड्या भरून आल्या. ती आबांचं नावही काढेना. पोरांची आठवण ती केवढी! विजयमालाला वाटलं, सुटलो.

पुढच्या वर्षीच्या थंडीत एक दिवस तिला लवकर जाग आली. बाहेर नुकतं फटफटत होतं. खोलीत पूर्ण शांतता होती. कसलाही आवाज नाही. तिनं सहज कूस बदलली...

शालन उताणी झोपली होती. ओठ उघडे.

घोरत नव्हती. दात एकमेकांवर टेकवून ओठ ताणलेले, कुणी "ई कर" म्हटल्यावर करतात तसे.

विजयमालानं हलकेच तिच्या गालावर हात ठेवला.

गाल थरथरत होता. अगदी बारीक. आवाज कसलाच नव्हता, पण ती थरथर तिच्या तळव्यातून मनगटापर्यंत चढत होती. आणि या वेळी तिथं दाब नव्हता. फार जपून, घाबरत घाबरत काहीतरी चाललं होतं.

तिला बोलायचं होतं. मागच्या वेळी आपण काय बोललो होतो ते तिला आठवलं.

तिनं हात काढून घेतला.

शालननं झोपेतच मान दुसरीकडे वळवली. "आता हिकडचं" असं कुणी म्हणाल्यासारखी.

विजयमालानं हे लेकीला कधीच सांगितलं नाही. शालनचं लग्न झालं, ती मलकापूरला नांदायला गेली. आता तिलाही नातवंडं आहेत. वर्षातून एकदा ती चार दिवस माहेरपणाला येते. विजयमाला तिचं अंथरूण बाहेरच्या खोलीत घालते, मधलं दार लोटून घेते आणि पहाटे दाराकडे पाठ करून पडून राहते.

दार उघडून बघावं, असं तिला दरवेळी वाटतं.

अजून तिनं ते उघडलेलं नाही.