एकविसावा अंगठा

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, मी वाद घालणार नाही.

गेल्या वर्षीचा मे महिना. मंगळवार, दुपारचे साडेबारा. नागपूर, कामठी रोड.

तिथल्या एका वृद्धाश्रमाची नोंदणी नव्याने व्हायची होती. तपासणीला मी गेले होते. मंजुरी वीस जणांची. आदल्या दिवशी मी फोन करून कळवलं होतं. आम्ही सगळेच कळवतो. तेवढंच चहापाणी नीट होतं.

पद्धत सोपी. एकेका खाटेजवळ जायचं, नाव विचारायचं, कागदावर अंगठा घ्यायचा.

वीस झाले. मी शाईचा पॅड बंद करत होते...

"मले काहून सोडून राहिली वं बाई?"

शेवटच्या खाटेपलीकडे, भिंतीला टेकून एक म्हातारी बसली होती. हिरवं लुगडं, घामाने चिंब.

"नाव?"

"यमुताई. मले बी मोज ना वं."

मी तिचा अंगठा धरला...

तव्यासारखा तापला होता.

ठसा उमटला.

"ताराचंदभाऊ, ही एक जास्तीची कोण?"

व्यवस्थापक ताराचंदचा चेहरा पांढराफटक पडला. "कोण, मॅडम? वीसच आहेत ना जी."

मी वळून पाहिलं.

भिंतीपाशी... कोणीच नव्हतं.

कागदावर ठसा मात्र ओला होता.

मागे पत्र्याची खोली होती, बाहेरून कुलूप. मी विचारलं. "भंगार आहे जी तिथं," तो म्हणाला.

मला ऊन लागलं असेल, असं समजून मी एकविसावी ओळ खोडली. वीस लिहिले. सही केली. दीडला निघाले.

दोन दिवसांनी तिथली स्वयंपाकीण सरिता ऑफिसात येऊन रडली. मंजुरीपेक्षा जास्त असलेल्या एका म्हातारीला, यमुताईला, तपासणीपुरतं मागच्या खोलीत कोंडलं होतं. मग सगळे विसरले. कुलूप उघडलं चार वाजता.

डॉक्टर म्हणाले, गेली ती तीनच्या सुमारास.

तीन.

म्हणजे मी अंगठा धरला तेव्हा ती जिवंत होती. कुलपाच्या आत.

ती माझ्यापर्यंत कशी आली, मला माहीत नाही. चौकशी झाली. ओळ खोडल्याचं मी कोणाला सांगितलं नाही, आज पहिल्यांदा लिहितेय. मी जेवते, झोपते, ऑफिसला जाते. रडू येत नाही, याचीच भीती वाटते.

किल्ली ताराचंदच्या खिशात होती. "उघडा" एवढंच म्हणायचं होतं.