टकला बुरूज

"यश, बुरजाला पाणी कोण घालणार?"

"रोज दोनदा घालतोय, ताई! तट बघ कसा हिरवागार! बुरूजच टकला राहिलाय!"

दिवाळी परीक्षेत गेली, म्हणून किमया आणि यशने किल्ला सुट्टीत बांधला होता. इथे परदेशात, सेम्बावांगच्या फ्लॅटच्या एवढ्याशा बाल्कनीत! अळीव सगळीकडे सारखाच पेरला होता. तटाची माती आजीच्या कुंडीतली, आणि बुरजाची?

"गोल्ड हंट पार्कातली," यश पुटपुटला. तिथे हौदात उतरून मुलं सोन्याचे कण शोधायची. "खऱ्या खाणीतली वाळू!" असं मालक मिस्टर क्वेक मिरवायचे. यशने पिशवीभर आणली होती.

सुमित्राआजीच्या हातातलं लाटणं थांबलं.

"जिथे अळीव मरतो, तिथे माझी धाकटी नात जाई पाळणाघरातल्या मुलांबरोबर खेळायला गेलीय? सारखं बोट तोंडात असतं पोरीचं! " आजीने पाळणाघराच्या बाईंना फोन लावला. "फोनही लागेना. पळा! मी सरकारी माणसांना बोलावते!"

दोघं बसने पार्कात पोचली. शेडमागे पोती पडली होती. यशने एक पालथं केलं.

"पोत्यावर कवटीचं चित्र! आणि 'बाहाया'! विजेच्या डब्यावर असतं ना, धोका!"

खाली इंग्रजीत लिहिलं होतं : बंद सोन्याच्या खाणीचा गाळ. हात लावू नये.

"अंकल, मुलांना बाहेर काढा!" किमया ओरडली.

"नॅचरल आहे, लाह! काही होत नाही," मिस्टर क्वेक हसले. "खेळ संपल्यावर येतील."

हौदात वीस मुलं! जाईचं चिखलाचं बोट तोंडाकडे निघालेलं! किमया घसरगुंडीवर चढली आणि बेंबीच्या देठापासून ओरडली,

"सोनं सापडलं! इकडे, घसरगुंडीखाली!"

हौद क्षणात रिकामा! नळापाशी यश रखवालदारासारखा उभा.

"आधी साबणाने हात-पाय धुवा! मगच सोनं!"

तेवढ्यात आजीने बोलावलेले अधिकारी आले. पोती बघून त्यांनी पार्कालाच कुलूप ठोकलं. मिस्टर क्वेक घाम पुसत बसले.

चार दिवसांनी कळलं, गाळात आर्सेनिक होतं. विषच! जाईला डॉक्टरांनी तपासलं, ती ठणठणीत होती. बुरजाची वाळूही अधिकारी बंद पिशवीतून घेऊन गेले. जाताना म्हणाले, "आम्हाला जे दिसलं नाही, ते तुमच्या किल्ल्याला दिसलं!"

जाई मात्र फुरंगटली. "सोनं कुठाय? ताई खोटारडी!"

आजीने किमयाच्या डोक्यावर हात ठेवला. "खोटं बोलणाऱ्या पोराला मी लाटण्याने बडवते. हिला आज पुरणपोळी! आणि यश, नवा बुरूज माझ्या कुंडीतल्या मातीचा. कळलं?"