डाव्या कोपऱ्याचा अभाव

कबड्डी कीर्तिभवनाची एक रीत फार जुनी होती: ज्याच्या योग्यतेची चिकित्सा करायची, ती त्याला समोर बसवूनच करायची. पाठीमागे बोलणे खेळाडूला शोभत नाही, असे संस्थापकांचे मत होते. म्हणूनच त्या सकाळी चिपळूणच्या क्रीडागणित प्रयोगशाळेत दोन वृद्ध शेजारी-शेजारी बसले होते, आणि कीर्तिभवनात आसन मात्र एकच रिकामे होते.

हणमंत शिंगटे हे पंचगंगा संघाचे चढाईपटू. त्यांच्या डाव्या पायाच्या लाथेने एका पिढीला वेड लावले होते. दत्ताराम भुवड हे वाशिष्ठी संघाचे बचावपटू. डावा कोपरा त्यांचा, म्हणजे समोरून येणाऱ्या चढाईपटूच्या उजव्या हाताचा. निवृत्तीला तीस वर्षे झाली की नाव विचारातून कायमचे वगळावे, असा नियम होता, आणि भुवडांची मुदत त्याच दिवशी संपत होती.

"खुर्ची मऊ हाय," शिंगटे म्हणाले. "डोळा लागंल तुझा, दत्ताराम."

"तुझ्या चढाया बघताना लागायचाच," भुवड म्हणाले.

समोरच्या काचेच्या मैदानावर प्रकाशाचे खेळाडू उभे राहिले. अभावगणक या यंत्राच्या निर्मात्या डॉ. वासंती रेडकर निवड समितीच्या अध्यक्षांकडे वळल्या. प्रा. नीळकंठ दांडेकर हे इतिहासाचे अध्यापक. शब्द आणि नियम यांपैकी काहीच ते सैल सोडत नसत.

"गुण फसवे असतात, सर," रेडकर म्हणाल्या. "दुबळ्या संघात सामान्य माणूसही उठून दिसतो. अभावगणक उलट प्रश्न विचारतो. जुन्या सामन्यांतल्या प्रत्येक देहाची प्रत्येक हालचाल त्याच्या स्मृतीत आहे. आपण एक खेळाडू त्यातून काढतो, त्याच्या जागी त्या काळातला सरासरी खेळाडू ठेवतो आणि सामना पुन्हा खेळवतो. जेवढे बिघडेल, तेवढे त्या खेळाडूचे मोल."

"म्हणजे माणूस नसला की त्याची किंमत कळते."

"घरोघरी तसेच असते, सर."

दांडेकर हसले नाहीत. त्यांनी नियम वाचून दाखवला: ज्याचे स्वतंत्र मोल सर्वांत मोठे असेल, त्याला आसन, आणि एका स्वतंत्र मोलास एकच आसन.

प्रथम शिंगट्यांना काढण्यात आले. पंचगंगेची बहुतेक अजिंक्यपदे नाहीशी झाली. मग भुवडांना काढले. वाशिष्ठीचे काहीच गेले नाही.

"शून्य," रेडकर हलक्या आवाजात म्हणाल्या. "पकडी फारच थोड्या आहेत. त्यांच्या बाजूला झालेल्या बहुतेक चढाया रिकाम्या आहेत, आणि रिकाम्या चढाईला गुण नसतो."

भुवडांनी गुडघ्यांवरचे हात उचलून पाहिले. "मी कोपऱ्यात उभा होतो," ते म्हणाले. "आणखी काय करणार होतो?"

दांडेकरांनी लेखणी उचलली. तेवढ्यात शिंगटे काठी टेकत काचेपाशी गेले.

"बाई, ही चढाई परत लावा. त्या कोपऱ्यात आता कोण हाय?"

"सरासरी खेळाडू."

"मग हा मी तिकडनं का पळतोय?"

काचेतला तरुण शिंगटे मध्यरेषा ओलांडून आला, डाव्या कोपऱ्याकडे नजर जाताच दचकला आणि दुसऱ्या अंगाला वळला. कोपऱ्यातला परका माणूस नुसताच उभा होता.

"माणूस काढलासा," शिंगटे म्हणाले, "पण भीती तशीच ठेवलीसा. त्या रिकाम्या चढाया माझ्या हाईत. त्या हातात घोटा गावला की सुटत न्हाई, हे पंचगंगेच्या पोरासोरास्नी ठाऊक होतं."

"शिंगटे, तुम्ही स्वतःच्या विरुद्ध साक्ष देत आहात," दांडेकर म्हणाले.

"मी खरं बोलतोय. इरुद्ध कुणाच्या जातंय ते तुम्ही बघा."

रेडकरांनी ती चढाई पुन्हा लावून पाहिली. "आक्षेप बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "आम्ही एक देह बदलला, उरलेल्यांची शिकवण जुनीच राहिली. खरा अभाव मुळापासून हवा. भुवड कधी खेळलेच नाहीत, असे धरून सगळ्यांना पहिल्या दिवसापासून शिकू द्यावे लागेल."

यंत्र तासभर चालले. नंतर काचेत जो शिंगटे दिसला, तो कोणाच्याच ओळखीचा नव्हता. जन्माचा उजवा असलेला तो मुलगा उजव्या हाताने थेट डाव्या कोपऱ्यात घुसत होता आणि सहज गुण घेत होता. त्याला डाव्या अंगाने खेळण्याची गरजच पडली नाही, म्हणून डाव्या पायाची लाथ जन्मली नाही. दोन हंगामांत बचावपटूंनी त्याची एकुलती एक वाट ओळखली. तो राज्याच्या संघातही निवडला गेला नाही. वाशिष्ठीची अजिंक्यपदे गेलीच, पंचगंगेचीही गेली.

"आसन भुवडांचे," दांडेकर म्हणाले. "तर्क निःसंदिग्ध आहे."

शिंगट्यांनी मान ताठ ठेवली. "मग? ज्याला चुकवायला मी सारी जिंदगी घातली, तो काय साधा असंल व्हय?"

"थांबा," भुवड म्हणाले. "ह्याला पण मुळापासून काढा."

"गरज नाही. निकाल तुमच्या बाजूने आहे," दांडेकर म्हणाले.

"म्हणूनच सांगतोय. फुकटची पकड मी कधी घेतली नाही."

यंत्र पुन्हा चालले. शिंगट्यांविना वाढलेला भुवड हा एक बरा कोपरा होता. हात थोडे सावकाश, नजर थोडी झोपाळू. त्याला कोणी घाबरत नव्हते, कारण त्याला जागे ठेवणारे कोणी नव्हते. पुन्हा तीच अजिंक्यपदे, दोन्ही संघांची, नाहीशी झाली.

रेडकरांनी दोन्ही निकाल शेजारी ठेवले. "सर, कोणालाही काढा, दोघेही जातात. अभावगणकाच्या दृष्टीने ही दोन मोले नाहीतच. हे एकच आहे."

दांडेकरांनी नियम पुन्हा वाचला, चष्मा पुसून आणखी एकदा वाचला. "एका स्वतंत्र मोलास एकच आसन," ते सावकाश म्हणाले. "आसन एकच आहे. नियमाचे एक अक्षरही मोडत नाही." आयुष्यात कधी एका संघातून न खेळलेल्या दोघांची नावे त्यांनी एका ओळीत लिहायला घेतली. "आधी कोणाचे लिहू?"

"त्याचं," शिंगटे म्हणाले. "चढाईला जाताना आधी कोपरा बघायचा असतो."

छायाचित्रासाठी भुवड खुर्चीतच बसून राहिले. रेडकरांनी शिंगट्यांना त्यांच्या डाव्या हाताशी उभे राहायला सांगितले. शिंगटे निघाले, मध्येच थबकले, आणि काठी टेकत खुर्चीमागून लांबलचक वळसा घालून उजव्या बाजूला जाऊन उभे राहिले.

भुवडांनी मागे वळून पाहिले नाही. त्यांचा डावा हात मात्र, गुडघ्याखाली, घोट्याची वाट पाहत उघडाच होता.