फौजदार कुणाचा?

घोडेगावच्या शुक्रवारच्या बाजारात, भर गर्दीत उभी राहून मी फोनवर माझ्या भावावर ओरडत होते.

"कुणाला विकलास? नाव सांग त्या माणसाचं!"

"नाव कोण इचारतं, शुभे? घोडेगावला नेतो म्हनला, नेला. झाला इषय संपला."

"विषय? फौजदार म्हणजे विषय आहे?"

मी एवढ्या जोरात ओरडले, की शेजारचा शेळीवाला दचकून माझ्याकडे बघायला लागला. आणि त्याच वेळी शेळ्यांच्या पलीकडून आवाज आला... गळ्यात गोट्या खुळखुळाव्यात तसा. गुळगुळगुळगुळ!

मी गप्प झाले. आवाजही थांबला.

"हॅलो? शुभे, ऐकतीस का?" फोनमधून कानिफदादा विचारत होता.

"दादा!" मी पुन्हा ओरडले.

गुळगुळगुळगुळ!

फोन तसाच पर्समध्ये टाकला आणि शेळ्यांमधून वाट काढत धावले.

फौजदार म्हणजे माझा टर्की. पिल्लू होता तेव्हा माझ्या ओंजळीत बसायचा. मोठा झाल्यावर अंगणात कुणी अनोळखी माणूस आलं, की पिसं फुलवून, शेपटीचा पंखा उभारून असा काही फेऱ्या मारायचा, की आईनंच त्याला फौजदार नाव ठेवलं. माझा आवाज चढला की तो हमखास उत्तर देई. त्याच्यासोबत गिनी कोंबड्यांची एक जोडी होती. राखाडी अंगावर पांढरे ठिपके, एवढंसं डोकं आणि आभाळाएवढा आवाज. राहुरीच्या एका मेडिकलमध्ये दिवसभर औषधं देऊन मी वस्तीवर परतले, की तिघं फाटकापर्यंत धावत यायची.

गुरुवारी मात्र कुणीच आलं नाही. अंगण झाडून लख्ख केलेलं होतं. वडील गेल्यापासून घरातले निर्णय दादाच घेतो. हाही त्यानंच घेतला होता. "पाव्हने बघायला यायचेत तुला. अंगनात ह्यो पाखरांचा कालवा बरा दिसतो का?" एवढंच त्याचं म्हणणं. गिनीची मादी तेवढी हातातून निसटून शेवग्यावर जाऊन बसली होती. रात्रभर ती वरून ओरडत होती, "ये-की! ये-की!" मी जेवले नाही. सकाळी मेडिकलला सुट्टी टाकली आणि एसटीनं घोडेगाव गाठलं.

फौजदार एका मोटरसायकलपाशी होता. एका उंच, सावळ्या तरुणानं त्याला बगलेत धरलं होतं, रुसलेलं पोर धरावं तसं. दुसऱ्या हातानं तो त्याच्या पायांची सुतळी सोडवत होता.

"तो माझा आहे. द्या इकडं."

त्यानं वर पाहिलं. "आत्ताच इकत घेतलाय मी. कोन तुमी?"

"त्याची मालकीण."

"मग इकला कशाला?"

"मी नाही विकला!"

गुळगुळगुळगुळ!

"खरं बोलताय तुमी," तो म्हणाला. "ह्यो साक्ष देतोय."

"हसू नका!"

"न्हाई हसत." पण ओठ दाबून तो हसतच होता, आणि मला त्याच्या हातातली सुतळी ओढून त्यालाच बांधावंसं वाटत होतं.

"तुमचे पैसे देते. द्या."

"पैशाचं न्हाई ओ. आमच्याकडं दोन माद्या हायती. नर कुत्र्यांनी मारला. तवापासून त्या धड खात न्हाईत, आन आई त्यांच्यापायी धड जेवत न्हाई." त्यानं फौजदाराच्या पायावरचा सुतळीचा वळ अंगठ्यानं हलकेच चोळला. "तरी देतो म्हना. तुमाला वळखतंय त्ये. पन घरी नेल्यावर कुनी परत इकला तर?"

मी फौजदाराच्या पाठीवर हात ठेवला.

खाऊ घालणारी मी, आजारपणात उशाशी घेऊन बसणारी मी. पण उद्या मी कामावर गेले आणि दादाच्या मनात आलं, की संपलं. हे मला माहीत होतं. एका परक्या माणसानं ते भर बाजारात बोलून दाखवलं, म्हणून मला त्याचा इतका राग आला, की डोळे भरून आले.

"एक गिनी कोंबडापण होता त्याच्याबरोबर," मी कसंबसं म्हणाले. "ठिपक्यांचा. तो कुठाय?"

आता तो हसत नव्हता. "बघितला हुता मी..." तो थांबला. "सकाळीच ढाब्यावाल्यानं नेला."

मी तिथंच, एका रिकाम्या टेम्पोच्या सावलीत खाली बसले. त्यानं पाण्याची बाटली माझ्याशेजारी ठेवली आणि मोटरसायकलपाशी जाऊन उभा राहिला. उगाच समजूत घातली असती, तर मी ती बाटली त्याच्याच डोक्यात घातली असती.

"तुमच्या घरी तरी तो राहील कशावरून?" पाणी पिऊन मी विचारलं.

"चला, बघा." त्यानं फोन लावून माझ्या हातात दिला. "आई हाय. तिलाच इचारा."

फोनवरच्या बाईनं माझं नावही विचारलं नाही. "भाजी टाकलीया पोरी, ये," म्हणाली.

सोनईच्या रस्त्याला त्यांची वस्ती होती. मोटरसायकलवर पुढं तो, मागं मी आणि मधे फौजदार. अंतर राखण्याचं काम फौजदारानं चोख केलं. वाटेत कळलं, याचं नाव अंगद, आणि हा शेतांमध्ये ठिबकच्या नळ्या बसवून देतो. मी विचारलं नव्हतं. तोच सांगत होता.

त्याची आई, बनुबाई, दारातच उभी होती. फौजदाराला खाली सोडताच त्यानं अंग झाडलं, दोन्ही माद्यांकडे पाहिलं आणि पिसारा फुलवला. मान आधी निळी, मग लालबुंद. माझ्याकडे वळूनही बघितलं नाही.

"बेइमान!" मी म्हणाले.

"गडी मानूसच त्यो," बनुबाई म्हणाल्या आणि मला हसू आलं. मग हसू आलं म्हणून पुन्हा राग आला.

निघताना मी अंगदला बजावलं, "तो माझाच आहे. इथं फक्त राहतोय. मी दर रविवारी येणार."

"या की. पन भांडायलाच येनार का?"

"हो."

"बरं," तो म्हणाला. "रविवारी मी घरीच असतो."

मी खरंच जायला लागले. आईला खरं सांगितलं, दादाला मैत्रिणीकडे जाते म्हणून. स्कूटीच्या डिकीत लसूणघासाची पेंढी असायची आणि डोक्यात आठवडाभराचा राग. अंगदशी भांडायला कारण लागत नसे. पाणी गढूळ का? पायावरचा वळ अजून कसा गेला नाही? खुराड्याच्या जाळीला भोक का?

"त्ये भोक मीच पाडलंय," एकदा तो शांतपणे म्हणाला.

"कशाला?"

"तुमाला बोलायला काईतरी पायजे ना."

मी पाठ फिरवली. त्याला माझा चेहरा दिसायला नको होता. थंडीचे दिवस होते, ऊन अंगावर घ्यावंसं वाटायचं. आम्ही बांधावर बसायचो... तो विळीवर घास बारीक चिरायचा, मी मुठीमुठीनं टाकायचे. त्याच्या बोटांना हिरवा वास येई. एकदा मूठ भरताना माझी बोटं त्याच्या बोटांवर पडली. दोघांनीही हात काढला नाही, आणि फौजदारानं येऊन मधेच चोच मारली.

"ह्याला जळतंय," अंगद म्हणाला.

"काहीतरीच!" मी म्हणाले. पण त्या रात्री घरी शेवग्यावरून गिनी ओरडायला लागली, तेव्हा पहिल्यांदाच तिचा आवाज ऐकून मलाही कुणाला तरी हाक मारावीशी वाटली.

मग एका सोमवारी पाहुणे आले.

मुलगा पुण्यात कंपनीत होता. बरोबर मामा, आई आणि एक वहिनी. मला साडी नेसवून बसवलं. दादानं पोह्यांच्या बश्या पुढं केल्या, मामांनी घसा साफ केला, आणि बाहेर शेवग्यावरून सुरू झालं. ये-की! ये-की! ये-की!

"हे काय?" मामा दचकले.

"काय न्हाई, रानपाखरू असंल," दादा घाईनं म्हणाला.

"रानपाखरू नाही," मी म्हणाले. "माझी गिनी कोंबडी आहे. तिचा नर दादानं विकला. ढाब्यावर कापला गेला. म्हणून ओरडते."

वहिनीनं तोंडाला पदर लावला. मुलगा मोबाईलमधून मान वर काढून हसला. "आमच्या फ्लॅटमध्ये असले छंद नाही हं चालायचे."

"मग मीही नाही चालायची," मी म्हणाले आणि उठून मागच्या अंगणात गेले. पायऱ्यांवर बसले. इतक्या महिन्यांचा राग अंगात मावत नव्हता.

पाहुणे गेल्यावर दादा आला. "घालवलीस ना इज्जत? एका कोंबडीपायी! लोकांनी काय म्हनायचं?"

"लोकांचं सोड. तू मला विचारलं होतंस?"

"घरचा कर्ता मी हाय. तुला काय इचारायचं?"

"कानिफ!"

आईचा आवाज होता. तिला इतक्या जोरात बोलताना मी कधीच ऐकलं नव्हतं. ती दारात उभी होती, हातात पोह्यांची रिकामी बशी. "तुझ्या गोठ्यातली गाय तुला न इचारता मी इकली तर चालंल का तुला? तिची पाखरं इकलीस तवा मी गप ऱ्हायले. चुकलं माझं. आता पोरीला बी तसंच, तिला न इचारता देनार हायस? मी हाय तवर न्हाई जमायचं."

दादा आईच्या चेहऱ्याकडे पाहून गोठ्याकडे निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गिनीला दाणे दाखवून खाली बोलावलं. ती माझ्या मांडीवर उतरली. एकटी ठेवून तिला मारायचं नव्हतं मला. फौजदारापाशी तरी राहील. मी पिशवी शोधत होते, तेवढ्यात दादा कोंबड्या ठेवायचं एक डालगं घेऊन आला. खाली गोणपाट अंथरलेलं होतं. गिनीला आत ठेवून त्यानं ते स्कूटीला दोरीनं नीट बांधलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "हळू जा. रस्ता खराब हाय."

मी स्कूटी सुरू केली. अजूनही त्याला माफ केलेलं नाही मी. कधी करेन, सांगता येत नाही.

अंगद खुराड्यापाशी होता. मी स्कूटी लावली तरी जागचा हलला नाही.

"पाव्हने आल्ते म्हनं काल," तो म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

"राहुरीत मान्सं हायती माझ्या वळखीची." त्याचा आवाज वेगळाच होता, ताठ. "रविवारी इथं बसून घास टाकत हुता तुमी. एका शब्दानं बोलला न्हाईत."

"मी कशाला बोलू? तुम्ही कोण माझे?"

"कोनीच न्हाई?" त्यानं हातातला विळा खाली टाकला. पहिल्यांदाच मी त्याला चिडलेला पाहत होते. "दर रविवारची कामं मी लोकांना न्हाई म्हनतो. सकाळपासून फाटकाकडं बघत बसतो. आई हसती मला. आन तुमी साडी नेसून दुसऱ्याफुडं बसता!"

"मग विचारलंत का कधी? एकदा तरी?"

"इचारू कवा? आल्या की वरडायला लागता!"

"मग मोठ्यानं विचारायचं!"

गुळगुळगुळगुळ! फौजदार दोघांच्या मधे येऊन उभा राहिला.

"तू गप रे!" आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

आतून बनुबाईंच्या हसण्याचा आवाज आला. अंगदनं खोल श्वास घेतला. चिडलेला चेहरा हळूहळू... कसा सांगू... ऊन पसरावं तसा निवळला.

"शुभांगी," तो म्हणाला. नुसतं नाव. आजवर कधी घेतलं नव्हतं. "लगीन करशील माझ्याशी?"

मला त्याचा भयंकर राग आला होता. इतके दिवस का नाही विचारलं याचा. आज नेमका मी चिडलेली, केस विस्कटलेले, अंगाला दाण्यांचा वास येत असताना विचारलं, याचा. आणि आपण आता रडणार आहोत, याचा.

"करेन," मी ओरडूनच म्हणाले. "पण माझ्या घरी येऊन, आईसमोर विचारायचं. दादासमोरही. मी पळून बिळून येणार नाही. आणि मला न विचारता या अंगणातलं एक पीसही कुणी हलवायचं नाही."

"न्हाई हलवनार."

"वचन?"

"वचन." त्यानं माझा हात हातात घेतला. घास चिरून चिरून खरखरीत झालेला तळवा, उबदार. पलीकडून बनुबाई दारात आल्या. आमच्याकडे बघून, भांडं विसरल्यासारखं करून परत आत गेल्या.

"सोडा हात. आईंनी बघितलं."

त्यानं चटकन सोडला.

"अहो!" माझा आवाज पुन्हा चढला. "सोडा म्हटलं की लगेच सोडायचा असतो का?"