पहिलं उत्तर

हेमांगीला नाव विचारलं, की विचारणाऱ्याचा प्रश्न संपायच्या आत नाव सांगून झालेलं असायचं. त्या काळात मिरजेतली अठरा ते पंचवीस वयाची बहुतेक मुलं अशीच बोलत. जरा थांबून उत्तर देणारा काहीतरी लपवतोय, असा लोकांचा पक्का समज झाला होता. नोकरीचा अर्ज असो की लग्नाची बोलणी, मनगटावरच्या पट्टीने टिपलेलं पहिलं उत्तरच ग्राह्य धरलं जाई. दुसरं उत्तर म्हणजे सारवासारव. तसा नियमच होऊन बसला होता.

ही सगळी करामत चपळपट्टीची. दिवा पेटलेला दिसल्यावर बटण दाबायला माणसाला सेकंदाचा साधारण पाव भाग लागतो. रोज घाम गाळणाऱ्या तरुणांना त्याहून थोडा कमी. हे निरीक्षण तसं जुनंच. पट्टीने त्यावर कडी केली. ती बांधून पळलं, उड्या मारल्या, की प्रत्येक झटपट हालचालीची मज्जातंतूंमधली वाट ती पक्की करत जाई. मग पायांसारखी जीभही विचाराआधी धावू लागे. दोन वर्षांत हेमांगीचा वेळ सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही खाली आला आणि ती खो-खोच्या राज्य संघात गेली. तिच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, गल्लीभर पेढे वाटले.

अण्णा पाट्या रंगवत. एका अक्षराच्या वळणावर अख्खी सकाळ घालवणारा माणूस! "तुझ्या हाती ब्रश दिला तर पाटी वाचायच्या आत पुसून टाकशील," असं ते तिला चिडवत, आणि कौतुकाने हसत.

फेब्रुवारीत ते तिच्याच क्रीडा मंडळाची पाटी रंगवायला शिडीवर चढले होते. फरशी गुळगुळीत होती, म्हणून हेमांगी खाली शिडी धरून उभी होती. आई चहा घेऊन मागून आली आणि तिच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "घे गं."

खो-खोत चौकात बसलेल्या खेळाडूला मागून थाप पडली, की त्याने उठून धावायचं असतं. हेमांगी धावली. शिडी आदळल्याचा आवाज झाला तेव्हा ती बारा पावलं पुढे होती, आणि आपण धावलो हे तिला तेव्हा कळलं. अण्णांचं खुब्याचं हाड मोडलं. आईने त्या दिवसापासून चहा सोडला. हेमांगीला कुणी एका शब्दाने बोललं नाही, आणि तेच तिला सोसवत नव्हतं.

दोन महिन्यांनी ती डॉक्टर टिपणीसबाईंकडे गेली. पट्टी बनवणाऱ्यांपैकी त्या एक. त्यांच्या स्वतःच्या मनगटावर मात्र साधं घड्याळ होतं.

"थाप पाठीला कळणं आणि पाय हलणं, यांच्यामध्ये एक बारीकशी सवड असते," बाई म्हणाल्या. "आम्ही तिला विराम म्हणतो. 'थांब, नको' असं स्वतःला सांगायला तेवढीच जागा असते. वेग वाढवताना आम्ही तीच खाऊन टाकली."

"म्हणजे अण्णांची शिडी मी सोडली नाही?"

"तुला विचारलंच गेलं नाही, हेमांगी."

हेमांगीला क्षणभर हायसं वाटलं. मग तिचा चेहरा उतरला. "मग मॅडम, पदकं कुणी मिळवली?"

बाईंनी तिची फाईल उघडली. त्या कागद चाळत राहिल्या.

"विराम परत आणता येतो," त्या म्हणाल्या. "आठ महिने खेळ बंद, रोज संथ चालायचं. त्याआधी पट्टी काढावी लागेल, आणि ती फक्त इथेच निघते. पण हा वेग पुन्हा मिळायचा नाही. रविवारी देशाच्या संघाची निवड आहे, ठाऊक आहे मला. नियमाप्रमाणे विचारते. उपचार हवेत?"

"नको!"

उत्तर टिपून पट्टी टिक् करून वाजली. हेमांगीने दचकून तोंडावर हात ठेवला. "नाही, नाही! हवेत, मॅडम! चार दिवस विचार करून, ठरवून आलेय मी!"

"ते दुसरं उत्तर झालं गं," बाई हळूच म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "पहिलं नोंदलं गेलं. आता वर्षभर अर्ज घेता येत नाही."

ती घरी आली तेव्हा अण्णा खाटेच्या कडेला पाय सोडून बसले होते. कुणीतरी घट्ट धरलं तर आज चार पावलं टाकायची त्यांना परवानगी मिळाली होती. लेकीला बघून त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी हात पुढे केला.

"हेमा, मला धरून ठेवशील ना?"

"हो!"

त्यांचा 'ना' अजून ओठांवरच होता. पट्टी टिक् करून वाजली. आयुष्यात दुसरं काही तिला इतकं मनापासून म्हणायचं नव्हतं. पण हे तिने म्हटलं की नुसतं तिच्या तोंडून निघालं, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

अण्णांनी पट्टीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. एखादं वळण काढावं तसा त्यांनी पुढे केलेला हात सावकाश मागे नेला आणि खाटेची कड धरली.

"आईला हाक मार, बाळा," ते म्हणाले.

त्यांचं वाक्य संपायच्या आत तिची हाक मारून झाली होती.