एर्मेसचा एकेचाळिसावा कप

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. पण नोर्मा खोटं बोलणारी बाई नाही. वीस वर्षं ती माझी शेजारीण आहे, आणि ही गोष्ट तिने मला एकदाच सांगितली.

२००९ चा नोव्हेंबर. गुरुवार, दुपारचे तीन. मोदेना शहराच्या वरच्या डोंगरातलं तिच्या वडिलांचं घर.

बाहेर दाट धुकं होतं.

एर्मेस त्सानेली, नोर्माचे वडील, एकेकाळी घाटातल्या शर्यतींत गाडी चालवायचे. आता वय चौऱ्याऐंशी. घर विकायचं ठरलं होतं, म्हणून त्यांनी आपले सगळे कप गावच्या बोच्चे क्लबला देऊन टाकले होते. नावाच्या पट्ट्या बदलल्या की गोळे फेकण्याच्या स्पर्धेत तेच कप बक्षीस म्हणून चालणार होते.

एकूण एकेचाळीस कप. क्लबचा गुएर्रिनो सकाळीच टेम्पोत भरून घेऊन गेला होता.

दुपारी तो परत आला. हातात एकच कप, जाड फडक्यात गुंडाळलेला.

"हा तुमचा तुम्हीच ठेवा."

"का रे? तुमच्या म्हाताऱ्यांना चांदी चालत नाही का?" नोर्मा हसली.

गुएर्रिनो हसला नाही. "हात लावून बघ."

तिने बोट टेकवलं...

आणि झटकन मागे घेतलं.

कप तापलेला होता. नुकत्याच बंद केलेल्या इंजिनासारखा.

"सकाळपासून थंड टेम्पोत पडलाय," गुएर्रिनो म्हणाला. "बाकीचे चाळीस बर्फासारखे आहेत. मी निघतो बाई."

स्वयंपाकघरात एर्मेस भाजायच्या चेस्टनटना चिरा देत बसले होते. कप पाहिला आणि त्यांच्या हातातली सुरी थांबली.

"आला परत?"

"बाबा, हे काय आहे?"

एर्मेसनी सुरी बाजूला ठेवली.

"एकसष्ट साली याच घाटात शर्यत होती, असंच धुकं होतं. लिव्हिओ माझ्या एक मिनिट आधी सुटला. माझा जिवाभावाचा मित्र, पोरी. चौथ्या वळणावर आलो तर कठडा फुटलेला. दगड अजून घरंगळत होते."

"मग?"

"मी थांबलो नाही."

नोर्माने फडक्यासकट कप टेबलावर ठेवला.

"सगळ्यांना वाटलं, गाडी बिघडली म्हणून तो कुठेतरी थांबलाय. मी हाच कप घेतला, फोटो काढून घेतले. संध्याकाळी तो सापडला. डॉक्टर म्हणाले, पडल्यावर दोन तास जिवंत होता."

तेवढ्यात...

खालच्या घाटातून आवाज आला. जुन्या इंजिनाचा. गिअर बदलत कोणीतरी वर येत होतं.

पहिलं वळण. दुसरं. तिसरं.

आणि मग... काहीच नाही.

"रोज तिथेच थांबतो," एर्मेस म्हणाले.

हे ऐकत ते किती वर्षं एकटे राहिले होते? आजच त्यांना इथून न्यायचं, नोर्माने ठरवलं. त्यांचे कपडे भरायला ती वर गेली. दहाच मिनिटं.

खाली आली तर खुर्ची रिकामी. कप नाही. दार सताड उघडं.

"बाबा!"

धुक्यातून उत्तर आलं नाही.

तिने आपली छोटी गाडी काढली आणि चालण्याच्या वेगाने घाट उतरू लागली. काच खाली करून हाका मारत होती. एखादी गाडी समोरून आली तर बाबा दिसणारही नाहीत, हेच डोक्यात घोळत होतं.

चौथ्या वळणावर ते दिसले.

घरातल्या सपाता घालून कठड्याजवळ उभे होते. खाली दरीकडे तोंड करून हळू आवाजात बोलत होते. मध्येच गप्प होऊन ऐकत होते. कप कठड्यावर ठेवलेला होता.

"बाबा, कोणाशी बोलताय?"

ते वळले. चेहरा ओला झाला होता.

"थांबलो ग मी. आज थांबलो."

"चला घरी. गारठलात."

"कप राहू दे इथेच. त्याचाच आहे."

ती हो म्हणाली. दुसऱ्या दिवशी गुएर्रिनो बघून आला, तेव्हा कठडा रिकामा होता. कोणी नेला, कोणालाच ठाऊक नाही.

पण त्या दुपारी नोर्मा आधी स्टिअरिंगपाशी जाऊन बसली. एर्मेसनी तिच्या शेजारचं दार उघडलं. ते आत बसले नाहीत. दार धरून क्षणभर उभे राहिले, एखाद्याला आत बसू देतात तसे.

मग दार लावलं आणि स्वतः मागे जाऊन बसले.

नोर्माने गाडी सुरू केली.

टिंग... टिंग... टिंग...

समोरचा लाल दिवा लागला होता. शेजारच्या सीटवर माणूस बसलाय आणि पट्टा लावलेला नाही, अशी ती खूण.

सीटवर काहीही नव्हतं. पर्सही नाही.

टिंग... टिंग...

मागून एर्मेस शांतपणे म्हणाले, "लिव्हिओ, पट्टा लाव रे."

खट्.

आवाज बंद झाला.

घरापर्यंत नोर्माने एकदाही त्या बाजूला मान वळवली नाही. बघायला हवं होतं की नाही बघितलं तेच बरं, हे तिला अजून ठरवता येत नाही.